खान्देशात बदली झाली: घोडा कुठे ठेवायचा, शिकायचं कुणाकडे?

पुणे, मुंबई किंवा नाशिकहून जळगाव, भुसावळ, धुळ्याला बदली झालेला घोडेस्वार पहिल्या आठवड्यात एकच चूक करतो. जुन्या शहरात रायडिंग क्लब होता, तिथेच घोडा बांधलेला असायचा, तिथेच सर शिकवायचे, महिन्याला एकच बिल यायचं. तसंच एखादं ठिकाण तो इथे शोधत बसतो. सापडलं नाही की ‘खान्देशात काही नाही’ असं ठरवून खोगीर माळ्यावर टाकतो.

खान्देशात घोड्यांची वानवा नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो आणि तिथे मारवाडी, काठियावाडी, पंजाबी, नुकरा असे घोडे ओळीनं उभे असतात. शहादा, दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर, चोपडा, रावेर या पट्ट्यात शौकानं घोडी पाळणारे बागायतदार गावोगावी भेटतात. पण इथला घोडा मुख्यतः तीन कामांचा: वरात, शौक (नाच, प्रदर्शन आणि रेवाल, म्हणजे पाठ न हलवणारी, चाल) आणि खरेदी-विक्री. घोडा उत्तम सांभाळणारा माणूस मिळेल, पण तोच तुम्हाला बसायला शिकवेल असं धरून चालू नका. म्हणून हे दोन निर्णय सुटे करा. आधी तबेला, मग कोच. उलट क्रमानं गेलात तर कोचच्या ओळखीच्या तबेल्यात घोडा बांधला जातो आणि मे महिन्यात पस्तावायची वेळ येते.

बघायला जायचं ते दुपारी अडीचला

सकाळी सातला कुठलाही तबेला छान दिसतो. सडा टाकलेला, घोडे खरारा करून चकचकीत, मालक चहा घेऊन उभा. तुम्ही दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा, शक्यतो आगाऊ न सांगता. एप्रिल-मे असेल तर उत्तमच. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा शेडखाली घोडे कसे उभे आहेत, यावरून जे कळतं ते मालकाच्या तोंडून कळणार नाही.

निवांत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो. कुशीकडे बघून घड्याळ लावून मोजा. ऐन उन्हात तो थोडा वाढलेला असणारच, पण उभ्या उभ्या ४०च्या पुढे गेला असेल, नाकपुड्या फुललेल्या असतील, तर शेड भट्टी झालेली आहे. दोष बहुतेक वेळा पत्र्याचा असतो. १० फुटांवर टाकलेला उघडा पत्रा घोड्याच्या पाठीवर उष्णता ओततो. छत किमान १२ फूट, जमलं तर १४ फूट हवं. पत्र्याच्या वर उसाचं पाचट किंवा तुराट्यांचा थर असेल, निदान पांढरा चुना मारलेला असेल, तर तो माणूस उन्हाचा विचार करणारा आहे. दोन समोरासमोरच्या बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या हव्यात. मात्र पश्चिमेच्या बाजूला कडुलिंबाचं झाड किंवा शेडनेट हवं, कारण तिकडचं ऊन संध्याकाळी सहापर्यंत आत शिरतं.

खण, म्हणजे एका घोड्याची जागा, १२ बाय १२ फूट हवी. पूर्ण वेळ अगाडी-पिछाडीनं बांधलेला घोडा आडवा होऊ शकत नाही, आणि दिवसातून थोडा वेळ तरी आडवा झाला नाही तर त्याला खरी झोप लागत नाही. बांधूनच ठेवायची पद्धत असेल तर रोज किमान दोन तास मोकळं सोडतात का, आणि कुठे सोडतात, ते विचारा. नुसतं विचारून भागत नाही, ती जागा बघा. काटेरी तारेचं कुंपण असेल तर तिथे घोडा ठेवू नका. भेदरलेला घोडा तारेला थांबत नाही, तारेतून जातो.

खालची जमीन मुरुमाची, ठोकून बसवलेली, मागच्या बाजूला हलका उतार असलेली चांगली. शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत कोबा दिसायला स्वच्छ वाटतो, पण ओल्या फरशीवर नाल ठोकलेला घोडा घसरतो आणि गुडघे फोडून घेतो. आपली काळी माती तर घोड्याच्या खुराची वैरीणच. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि पायाला चिकटली की सुटत नाही. तबेल्याचा रस्ता आणि मोकळं सोडायची जागा काळ्या मातीची असेल तर पावसाळ्यात घोडा चार महिने खणातच राहणार, हे गृहीत धरा.

तिथल्या एखाद्या घोड्याचा पाय उचलायला सांगा. खुराच्या तळाला मधोमध जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो त्याला फ्रॉग म्हणतात. हुक घेऊन त्याच्या दोन्ही कडांच्या खाचा साफ करायला लावा आणि वाकून वास घ्या. मातीचा, शेणाचा वास चालतो. सडक्या मांसासारखा उग्र दर्प आला आणि हुकाला काळा चिकट लगदा लागला, तर तो थ्रश, म्हणजे ओल्या घाणीत उभं राहून कुजलेला फ्रॉग. एका घोड्याला असेल तर एखाद वेळ समजू शकतो. तिघांना असेल तर खण रोज साफ होत नाही. मालकाशी वाद घालू नका, चहा प्या आणि निघा.

पाण्याचा हिशोब विजेशी बांधलेला

घोडा हिवाळ्यात दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात काम करणारा घोडा ५० ते ६० लिटरही पितो. दहा घोड्यांच्या तबेल्याला पिणं, धुणं, शेडवर शिंपडणं धरून उन्हाळ्यात रोज किमान हजार लिटर लागतात. शेतातल्या तबेल्याची मोटर बहुतेक शेतीच्या फीडरवर असते आणि तिथे वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून टाकी किती लिटरची, ती सावलीत आहे का, आणि बोअर मे महिन्यात टिकतं का, हे तीन प्रश्न विचारा. उन्हात ठेवलेल्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. घोडा ते पीत नाही, आणि पाणी कमी पडलं की कोरडा कडबा आतड्यात अडकतो. उन्हाळ्यातल्या पोटदुखीचं हे एक नेहमीचं कारण.

चारा: इथेच तबेला पारखा

खान्देशातला घोड्याचा मुख्य चारा म्हणजे ज्वारीचा कडबा. त्यात दादर या जातीच्या ज्वारीचा कडबा वरचढ. तो रब्बीचा, उंच, गोडसर, आणि कोरड्या हवेत काढणी होत असल्यामुळे स्वच्छ. खरिपाच्या हायब्रीडचा कडबा काढणीच्या वेळी पावसात सापडायची भीती असते. गंजीतली एक पेंडी मधून ओढून काढायला सांगा, वरची नको. ती मोडून नाकाशी धरा. काळे ठिपके, पांढरी बुरशी किंवा झटकल्यावर उडणारी धूळ दिसली तर त्या कडब्यानं घोड्याला खोकला लागेल आणि पोटही दुखेल.

कडबा शेकड्यानं विकला जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मळणीनंतर स्वस्त असतो. जून-जुलैत भाव चढतो. शहाणा तबेलेवाला मार्चमध्येच वर्षाची गंजी रचून ताडपत्रीनं झाकतो. ज्याच्याकडे मे महिन्यात पंधरा दिवसांचाच चारा आहे, तो पावसाळ्यात मिळेल ते घालणार, नाहीतर तुमचं भाडं वाढवणार. कुट्टी करून देतात की अख्खा कडबा टाकतात, हेही बघा. कुट्टीनं वाया कमी जातं. पण फार बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो, त्यामुळे एक-दीड इंच बरी.

किती चारा लागतो ते अंदाजानं ठरवू नका, घोड्याचं वजन काढा. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे, पाठीवरून पोटाखालून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन साधारण ३२३ किलो. या घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे पाच ते साडेसहा किलो कोरडा चारा लागतोच. नुसत्या कडब्यात प्रथिनं फार कमी असतात, म्हणून सोबत चार-पाच किलो हिरवी लसूणघास हवी. खुराक, म्हणजे दाणा, कामानुसार दोन-तीन किलो, तोही दोन-तीन वेळांत वाटून. घोड्याचं पोट लहान असतं, एकदम चार किलो हरभरा घातला तर फुगतं. रोज ३० ते ४० ग्रॅम साधं मीठ, उन्हाळ्यात घामाच्या मानानं जास्त. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून बादलीभर घालणारे तबेले आहेत. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे वर्षानुवर्षं असं चाललं की हाडं पोकळ होऊन तोंड सुजल्यासारखं दिसतं.

आता या भागातले खास धोके. पहिला, बुरशी लागलेला मका. खान्देशात मका मुबलक पिकतो, आणि भिजलेला, किडका माल जनावरांना घालायची पद्धत आहे. गाय तो पचवेलही, घोड्याला मात्र मक्याच्या बुरशीतलं विष मेंदूत जातं आणि दोन-तीन दिवसांत घोडा भेलकांडून मरू शकतो. दुसरा, गाई-म्हशींची गोळीपेंड आणि कोंबडीखाद्य. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याला थोडंसंही घातक. एकाच कोठारात दोन्हीच्या गोण्या असतील तर घमेलं आणि माप वेगळं आहे का ते बघा. सरकी पेंडही घोड्याच्या तोबऱ्यात नको. तिसरा, कोवळी हिरवी ज्वारी. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, फक्त गाईला लागते, हा गैरसमज आहे. घोड्याला हिरवी ज्वारी चारत राहिलं तर लघवीचा ताबा जातो, मागचे पाय लटपटतात. कडबा चालतो, हिरवी ज्वारी चालत नाही. चौथा, बांधावरचं गवत. रावेर-यावलच्या केळीत आणि सगळीकडच्या कपाशीत फवारणी चालूच असते. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, भारा कापून आणतो तो कुठल्या बांधावरून, हे विचारायला लाजू नका.

आणखी एक. इथे घोडा गुबगुबीत असला की लोक वाहवा करतात. बाजारासाठी तूप, गूळ, अंडी, दूध घालून तयार केलेलं जनावर दिसतं देखणं, पण बरगडी हाताला लागत नसेल तर खुराची जळजळ, म्हणजे लॅमिनायटिस, दारात उभा आहे. बरगडी दिसू नये, पण बोटं दाबली की लागावी.

नालबंद, डॉक्टर आणि रक्ताचा रिपोर्ट

नालबंद, म्हणजे नाल ठोकणारा, दर सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, घोडा चालो अथवा न चालो. शेवटची नालबंदी कधी झाली ते मालकाला विचारा, मग खुराकडे बघा. नालेच्या बाहेर खूर वाढून ओघळला असेल तर उत्तर खरं नव्हतं.

पशुवैद्यकाबाबत वस्तुस्थिती अशी की तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बहुतेक काम गाई-म्हशींचं. घोड्याच्या पोटात नाकावाटे नळी घालायचा सराव प्रत्येकाला असेलच असं नाही. म्हणून तबेल्याला विचारा: रात्री अकराला पोट दुखलं तर कुणाला फोन करता, आणि तो किती वेळात पोचतो? १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा, शिवाय घोडा पाहिलेल्या किमान दोन डॉक्टरांचे नंबर. ‘आम्ही तेल पाजतो, उतरतं’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. बांबूच्या नळकांड्यानं डोकं वर करून तेल पाजलं की ते सहज श्वासनलिकेत जातं. पोटदुखीतून वाचलेला घोडा मग न्युमोनियानं जातो.

ग्लँडर्सच्या बाबतीत तडजोड नको. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, रक्ताचा नमुना सरकारी डॉक्टरांमार्फत पाठवता येतो. जो तबेला तुमच्या घोड्याचा निगेटिव्ह रिपोर्ट मागतो, तोच चांगला. जो म्हणतो ‘कशाला, आणा तसाच’, त्यानं इतरांचेही तसेच घेतलेले असणार. धनुर्वात आणि रेबीजची लस दरवर्षी हवी. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढल्या की सर्रा हा रक्ताचा रोग येतो: ताप येतो-जातो, खाणं चालू असूनही घोडा वाळतो, पायांना आणि पोटाखाली सूज येते. तेव्हा रक्त तपासायचंच.

सारंगखेड्याच्या बाजारानंतरचे आठवडे जोखमीचे. नवा माल तबेल्यात येतो आणि त्याच्याबरोबर खोकला, नाकातून पू, घशाच्या गाठी. नवा घोडा २१ दिवस वेगळा, वेगळ्या बादलीवर आणि वेगळ्या खराऱ्यानं ठेवतात का? सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा चाळीसगावच्या डोंगराच्या बाजूला तबेला असेल तर बिबट्याचा विचार करून रात्री शेडचं दार लागतं का, तेही पाहून घ्या.

मोतद्दार आणि लग्नसराई

तुमचा घोडा मालक सांभाळत नाही, मोतद्दार सांभाळतो. त्याच्याशी वेगळं बोला. त्याच्याकडे किती घोडी आहेत? चार-पाचपर्यंत ठीक, दहा असतील तर खरारा आणि खूर-सफाई फक्त बिल देणाऱ्याच्या दिवशी होणार. तो जवळ गेला की घोडे कान टवकारून पुढे येतात की मान मागे खेचतात, हे पाहिलं की बरंच उलगडतं. घोड्यांच्या तोंडाचे कोपरे बघा. तिथे जुने पांढरे वण किंवा ओले ओरखडे असतील तर काटेरी लगाम वापरला जातोय. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांनी काटेरी लगामाला मनाई आहे.

एप्रिल-मेमध्ये वराती लागल्या की तबेल्यातली माणसं रात्री दोनला परततात आणि सकाळचा खुराक दहाला होतो. मार्गशीर्षात मालक आणि निम्मी माणसं बाजाराला जातात. या दोन्ही वेळी तुमचा घोडा कोण बघणार, त्या माणसाचं नाव घ्या. ‘कुणीतरी असतंच की भाऊ’ हे नाव नव्हे.

लिहून घ्या

इथे सगळं तोंडी चालतं, आणि लिहायची गोष्ट काढली की समोरचा दुखावतो. तरी एक पान लिहाच, ‘दादा, माझ्या विसरभोळेपणासाठी’ म्हणून. त्यात महिन्याच्या पैशात काय येतं आणि काय येत नाही: चारा, खुराक, मोतद्दार, नालबंदी, जंतनाशक, लस, डॉक्टर, रोजचा व्यायाम. तुमच्याशी संपर्क झाला नाही तर डॉक्टरवर किती रकमेपर्यंत खर्च करायचा. सोडताना किती दिवसांची नोटीस. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम: माझ्या परवानगीशिवाय घोड्यावर कुणीही बसणार नाही, आणि तो वरातीला, मिरवणुकीला, प्रदर्शनाला जाणार नाही. हे कलम हास्यास्पद वाटेल, पण पांढरा घोडा असेल तर ते सगळ्यात आधी लिहा. घोड्याचे चारही बाजूंचे फोटो, भोवऱ्यांच्या आणि पांढऱ्या ठशांच्या खुणा, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, सगळं त्याच कागदाला जोडा. विमा उतरवताना हीच ओळख लागते.

आता कोच

जिल्ह्याच्या ठिकाणी तीन प्रकारचे शिकवणारे भेटतात. पहिला, स्थानिक घोडेवाला, ज्याला घोड्याचं मन कळतं पण स्वाराला समजावून सांगणं जमेलच असं नाही. दुसरा, सैन्यातून किंवा पोलिसांच्या अश्वदलातून निवृत्त झालेला स्वार. त्याची बैठक पक्की, हुकूम ‘कदम’, ‘दुलकी’ असे, शिस्त कडक. नवशिक्यासाठी आणि मुलांसाठी बहुतेक वेळा हाच सर्वांत भरवशाचा. तिसरा, नाशिक किंवा इंदूरहून शनिवार-रविवारी येणारा कोच, ज्यानं स्पर्धा पाहिल्या आहेत. धुळ्याहून इंदूर आणि नाशिक दोन्ही एकाच हमरस्त्यावर, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून पंधरा दिवसांतून एकदा असा कोच बोलावणं परवडतं. मधल्या काळात सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचा. फोन मैदानाच्या लांब बाजूच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर ठेवा. कोपऱ्यातून घेतलेल्या व्हिडिओत पाठ सरळ आहे की नाही ते दिसत नाही.

पैसे देण्याआधी एक पूर्ण तास बाहेर उभं राहून दुसऱ्याचा धडा बघा. बसण्याआधी कोच तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तपासतो का? तंगाखाली दोन बोटं सरकायला हवीत, आणि पाच-दहा मिनिटं चालल्यावर तो पुन्हा तपासायला हवा, कारण खोगीर बसतं आणि तंग सैल पडतो. रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कड्याची, रुंदी बुटापेक्षा साधारण अडीच सेंटिमीटर जास्त हवी. अरुंद रिकिबीत पाय अडकला की पडलेला माणूस फरफटत जातो. सँडल, चपला घालून मूल बसवलं जात असेल तर बाकीचं बघायची गरज नाही. हेल्मेट घोडेस्वारीचं हवं. मोटरसायकलचं हेल्मेट जड, मान ओढणारं आणि कान झाकणारं, इथे त्याचा उपयोग नाही. पडल्यावर हेल्मेट एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, वरून शाबूत दिसलं तरी.

पहिल्या दहा मिनिटांत घोडा फक्त चालला पाहिजे, आणि शेवटच्या दहा मिनिटांतही. नवशिक्यांचे चारपेक्षा जास्त घोडे एका कोचनं एकावेळी हाकू नयेत. नवा विद्यार्थी आधी लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर, लगाम हातात न घेता बसतो का? वर्तुळ १८ ते २० मीटर व्यासाचं हवं. त्याहून लहान वर्तुळात घोड्याचे सांधे झिजतात आणि स्वार बाहेर फेकला जातो. मैदान २० बाय ४० मीटरचं, मुरुमावर पाच-सात सेंटिमीटर वाळू असलेलं पुरेसं आहे. वाळू वीतभर खोल असेल तर घोड्याच्या पायाच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, दुखावतात.

तुम्हाला कोणत्या घोड्यावर बसवणार, हे आधी विचारा. नाचायला शिकवलेला घोडा नवशिक्याला देणं ही इथली सर्रास होणारी चूक. असा घोडा टाच लागली आणि त्याच क्षणी लगाम ओढला गेला की जागेवर उसळतो, कारण त्याला तसंच शिकवलंय. घाबरलेला नवशिका नेमकं तेच करतो: पायांनी घट्ट धरतो आणि हातांनी ओढतो. घोडा नाचतो, स्वार आणखी घट्ट धरतो, मग घोडा दोन पायांवर उभा राहतो. दोष दोघांचाही नसतो. रेवाल चालीच्या घोड्याचं वेगळं. पाठ हलत नाही, बसायला पाळण्यासारखं वाटतं, पण त्यावर दुडकीची उठ-बैस शिकता येत नाही. जुन्या क्लबात ती शिकत होतात आणि पुढे शिकायची असेल तर दुडकी चालणारा घोडा मागा. वजनही बघा. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. वरच्या हिशोबातल्या ३२३ किलोच्या घोड्यावर खोगीर धरून साधारण ६४ किलो. ८५ किलोच्या साहेबांना कोचनं हे तोंडावर सांगितलं तर तो कोच पकडून ठेवा.

उन्हाळ्यात कोच किती वाजता शिकवतो, यावरून त्याची अक्कल कळते. ओझं वाहणाऱ्या जनावरांना ३७ अंशांच्या वर दुपारी बारा ते तीन कामाला लावू नये, असा नियमच आहे. स्वारीच्या घोड्याला खान्देशातल्या मे महिन्यात त्याहून कडक पाळा: पहाटे साडेपाच ते साडेसात, बस. कोरड्या हवेत घाम तिथल्या तिथे वाळतो आणि घोडा घामेजलेला दिसतच नाही, म्हणून लोक फसतात. कानाखाली आणि खोगिराखाली मिठाचे पांढरे पट्टे बघा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर घोड्यात पाणी कमी आहे. धडा संपून पंधरा मिनिटांत नाडी ६० च्या खाली यायला हवी, नाही आली तर पाणी ओता, निथळू द्या, पुन्हा ओता. सप्टेंबर-ऑक्टोबरची दमट उकाड्याची वेळ उलटी फसवते: पारा ३५ असतो, पण घाम वाळत नाही.

घोडा आणताना

जुन्या गावाहून ट्रकनं आणायचा तर पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि ग्लँडर्सचा रिपोर्ट गाडीत हवा. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे सोबत एक माणूस, तळाला न घसरणारा थर, दोन घोड्यांमध्ये बांबूचा आडोसा आणि ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही असा वेग. उन्हाळ्यात निघायचं ते संध्याकाळनंतर. डोकं उंच बांधून ठेवू नका. मान खाली करता आली नाही तर धूळ-कफ फुप्फुसात साचतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येतो. उतरवल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. ३८.५ अंशांपर्यंत ठीक, वर गेला तर डॉक्टर.

जुना चारा-खुराक दहा दिवसांचा बरोबर आणा आणि हळूहळू नव्यात मिसळा. इथलं बोअरचं पाणी जड असतं, बाहेरून आलेला घोडा त्याला तोंड लावत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून जुन्या गावच्या पाण्यात गुळाचा लहान खडा विरघळवून सवय लावा. मग इथेही त्याच चवीमुळे तो पितो, आणि आठवड्यात गूळ कमी करत बंद करा.

पहिला महिना चाचणीचा म्हणून बोलून घ्या. पहिल्या दिवशी, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी त्याच टेपनं घेर मोजा, मोजणारा माणूसही तोच. ३२० किलोचा घोडा १५ किलोपेक्षा जास्त उतरला तर आधी चारा मोजा, मग दात दाखवा, मग जंतनाशक. अधूनमधून अवेळी चक्कर टाका, पाण्याच्या हौदात हात घाला, लीद बघा: ओलसर, फुटणारे गोळे हवेत, दिवसाला आठ-दहा वेळा. सुके, चकचकीत, चिवट गोळे म्हणजे पाणी कमी. तसं दिसलं तर मोतद्दाराला विचारा की काल रात्री मोटर किती वाजता चालू झाली होती.